नावाच्या खाली बोट

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, हे तुम्हाला ठाऊकच हाय. तरी ऐका.

परवा मेहुणीच्या साखरपुड्याला उमरीला निघालो होतो. तिकीट खिडकीसमोर ही लांब रांग, म्हणून ऐटीत तिकिटाच्या मशीनपाशी गेलो. पडद्यावर उमरीच्या नावावर बोट ठेवलं, तर मुदखेड आलं. मागं जाऊन पुन्हा उमरी दाबलं, पुन्हा मुदखेड! चौथ्यांदा तर चष्मा पुसून दाबलं. तेवढ्यात गाडी फलाटावर लागली आणि मला दरदरून घाम फुटला.

माझ्या मागं भाजीची रिकामी टोपली घेऊन एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "काय करून राहिले, बाबा? नावावर बोट ठेवू नका. बोटभर खाली दाबा."

"मावशी, खाली तर काहीच न्हाई."

"दाबा तर!"

दाबलं आणि उमरी आलं! तिकीट हातात पडलं. मग तिनं पडद्याकडं धड न बघता, ठरलेल्या जागी टक टक टक बोट मारून स्वतःचं तिकीट काढलं. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो.

न राहवून विचारलं, "मावशी, तुम्ही कितवी शिकलात?"

"मला कुठं वाचता येतंय?" टोपली काखोटीला मारून ती गाडीकडं निघाली. जाता जाता म्हणाली, "म्हणून तर जमतं. वाचता येणारे समदे अक्षरावरच बोट ठेवतेत."