तळघरातल्या शेगडीचा पाइप

...नदी दिसायची हो इथून! कॉफीचा मग घेऊन व्हरांड्यात बसलं की समोर नदी, पलीकडे कॅनडा... आता काय दिसतं? पाइप! जमिनीजवळ भिंतीतून निघालेला आणि छपराच्या वर मुंडकं काढून उभा राहिलेला चकचकीत पाइप! परवा चर्चला निघालेल्या मंडळींनी गाडी थांबवून विचारलं, "नॉर्मां, कारखाना काढलास की काय?" तुम्हाला सांगतो, हे सगळं एका वाक्यापायी झालं, आणि ते वाक्य माझंच. "पाइपच तर आहे, त्यात काय एवढं!"

झालं असं, की गेल्या नाताळला मुलगी मिरेय येणार, तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन. माझी पहिली नात, अजून हातात घेतलेली नाही! आणि निजायला जागा कुठली, तर तळघरातली मिरेयची जुनी खोली, जिथं डिसेंबरात बटाटेसुद्धा कुडकुडतात. म्हणून मी एक जुनी शेगडी आणली, लाकडाच्या भुशाच्या कांड्यांवर चालणारी. पोतं ओतायचं, बटण दाबायचं, शेगडीतला पंखा धूर बाहेर ढकलतो. आपण फक्त पाइप लावायचा. मिरेय फोनवर म्हणते, "पपा, पाइप कोण बसवणार?" म्हटलं, "मी." तशी म्हणते, "मग आम्ही मोटेलात उतरू." मोटेलात! बापाचं घर असताना!

म्हटलं, दाखवतोच हिला. कपडे वाळवायच्या मशिनची नळी पडून होती, माप तेच, चांदीसारखी चमकते. भिंतीला भोक पाडलं, नळी बाहेर काढली, जमिनीपासून वीतभर वर, तळघराच्या खिडकीला खेटून. अर्ध्या तासात काम फत्ते! पाइपच तर आहे! मिरेयनं पोस्टानं विषारी वायू ओळखणारी डबी पाठवली होती, तीही लावली, केवळ पोरीच्या समाधानासाठी.

आता यात रोझेर आला. रोझेर म्हणजे माझा मेहुणा, माझ्या ओदीलचा धाकटा भाऊ. आमच्याकडे नोव्हेंबरात घराच्या पायाभोवती स्प्रूस झाडाच्या दाट फांद्या रचतात, गार वारा आत शिरू नये म्हणून. ओदीलनं त्याला सांगून ठेवलेलं, "चारी बाजू झाक, एक फट ठेवू नकोस." ओदीलला जाऊन दोन हिवाळे झाले, पण हा न बोलावता येतो, ट्रकभर फांद्या घेऊन. कोण नाही म्हणणार? खाली शेगडी पेटलेली, मी आत हॉकी बघत होतो, याचं काम संपलं, खिडकीतून ओरडतो, "दाजी, एक भोक राहिलं होतं, भडाभडा ऊब बाहेर जात होती! बुजवलं चांगलं!"

मी म्हटलं, "शाब्बास!" अहो, लक्ष कुठं होतं माझं!

पाच मिनिटांत खाली डबी किंचाळायला लागली. मला वाटलं, बॅटरी. बाहेर नेली, जरा वेळानं गप्प. आत आणली, पुन्हा बोंब! तीन खेपा केल्या हो! तिसऱ्या खेपेला माझंच डोकं ठणकायला लागलं, जिन्याची पायरी दोन-दोन दिसायला लागली, तेव्हा कुठं उजेड पडला... डबी शहाणी आहे, वेडा मी आहे! शेगडी बंद केली, बाहेर जाऊन बर्फातच बसलो. समोर रोझेर. "दाजी, उकडतंय का?"

आणि डोळ्यांपुढे काय आलं, सांगू? बाळाचा पाळणा. कुठं ठेवणार होतो मी? शेगडीशेजारी. ऊब लागावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलातल्या लुसियेन व्हायोलेटबाईंना बोलावलं. बाई नळीकडे बघून म्हणतात, "यात मोजे वाळवतात, नॉर्मां. धूर नाही सोडत." मग एकेक प्रश्न! "इथं बर्फ किती साचतं?" कमरेइतकं. "आणि नळी?" वीतभर... "ती खिडकी उघडते का?" उघडते. "म्हणजे एकीकडून धूर काढायचा, दुसरीकडून आत घ्यायचा? आणि वीज गेली, पंखा थांबला, की धूर कुठं जाणार?" मी म्हटलं, "बाहेर?" बाई म्हणाल्या, "मिरेयच्या खोलीत."

मग काय! शेगडीसाठीचाच दुपदरी पोलादी पाइप, खिडकीपासून लांब, प्रत्येक सांधा लुकणानं बंद, खाली राख काढायला झाकण, शेगडीला बाहेरची हवा आणायला वेगळी नळी, आणि उभा पाइप छपरापर्यंत, वीज गेली तरी धूर आपसूक वर चढावा म्हणून. पाइपच तर आहे!

मिरेय आली. गाडीतून उतरून बाळ माझ्या हातात दिलं नाही, आधी पाइपला प्रदक्षिणा घातली. "कोणी बसवला?" "व्हायोलेटबाईंनी." मग बाळ दिलं. मोटेलाला फोन केला, नको म्हणून.

यंदा नोव्हेंबरात रोझेर पुन्हा हजर, ट्रकभर फांद्या. मी टेप लावून सांगितलं, पाइपच्या आजूबाजूला तीन-तीन फूट मोकळं! तो टोपी काढून उभा. "दाजी, ओदील म्हणाली होती, एक फट ठेवू नकोस."

म्हटलं, "ठेव. मी सांगतो तिला."

आता बरोबर त्याच फटीतून वारा येतो आणि थेट माझ्या खुर्चीखाली शिरतो. मी दोन-दोन मोजे घालून बसतो. वाळवायला नळी आहेच.