स्लॅब कोणाच्या शब्दावर उचलला

डिंगोऱ्याच्या मंडळींना, जुन्नरहून आलेल्या नानांच्या विद्यार्थ्यांना, कॉलेजातल्या सरांना माझा नमस्कार. नानांच्या या शोकसभेत मी माईक हातात घेतलाय. मध्येच आवाज गेला तर थोडं थांबा. मी परत बोलेन. मला आज बोलायचंच आहे.

नाना माझे चुलते. तुमच्यासाठी ते इंजिनियरिंग कॉलेजातले सर. माझी पहिली शाळा तेच. प्रयोगशाळेत दाबून फोडलेले काँक्रीटचे ठोकळे ते घरी आणायचे, त्यांवर खडूनं अक्षरं काढायचे. माझा ‘क’ एका तडकलेल्या ठोकळ्यावर होता. मी विचारायचे, हा का फुटला? ते म्हणायचे, “आधी वाच, मग सांगतो.”

पुढे मी भुयार खोदणाऱ्या यंत्रांचा अभ्यास घेतला. यंत्र डोंगरात शिरलं की आजूबाजूचा खडक कसा सरकतो, ते संगणकावर मांडायचं. नानांचं काम वेगळं. जुन्या इमारती फोडण्याऐवजी कापायच्या, आणि त्यांचे स्लॅब, तुळया दुसऱ्या बांधकामात वापरायच्या. आपली जुनी शाळा पाडायची ठरली तेव्हा ते म्हणाले, “पाडायची कशाला? उचलून नेऊ. त्याच स्लॅबांच्या नव्या खोल्या करू.” मला म्हणाले, “तुझं भुयाराचं गणित आण. डोंगर पोखरताना काय हलतं ते कळतं, मग छप्पर कापताना का कळू नये?” कोणता काप आधी, कोणता नंतर, हे आम्ही दोघांनी मिळून बसवलं.

मंडळी, त्या दिवशी आपण सगळे मैदानात होतो. करवत चालू होती. राखाडी चिखल उडत होता, कान फाटत होते. आणि आपण हसत होतो. आठवतंय ना?

“सर, स्लॅब कापताय का केक?”

“ओ राव, ब्रेकर लावा, दुपारपर्यंत भुगा व्हतोय!”

“ह्या पोरांची लग्नं व्हतील तवर शाळा व्हायची न्हाई!”

नानाही हसत होते. पण त्यांचे कान लाल झाले होते. मी शेजारीच उभी होते.

हायड्रा, म्हणजे स्लॅब उचलायची क्रेन, चालवत होते संपतभाऊ, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. स्लॅब क्रेनच्या पट्ट्यांवर तोलून घेतला आणि एक कड सुटेना. आमच्या गणिताप्रमाणे ती सुटायला हवी होती. कधीकाळी गवंड्यानं एक गज भिंतीत आत वळवला होता. तो कोणालाच दिसला नव्हता. संपतभाऊ केबिनमधून ओरडले, “सर, अडकलंय! खाली घेऊ का?”

नाना म्हणाले, “उचल.”

“सर, तुमी आधी बाजूला व्हा.”

“उचल म्हणतो ना! मी बघतो.”

हे मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. मग गज तुटला. गोळी सुटावी तसा आवाज झाला. स्लॅब झोक्यासारखा आला, त्यानं नानांना खांबावर चिरडलं आणि तो मागे गेला. नाना खांबाला टेकूनच खाली घसरले. त्यांच्या तोंडातून रक्त आलं. मी ओढणी लावली. ओढणी पुरली नाही.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तेवढ्यात मागे हायड्राची काच फुटली. संपतभाऊंना केस धरून केबिनमधून ओढलं. कापलेल्या गजांचे तुकडे जमिनीवर पडले होते. तेच उचलले. “आंबेगावचा हरामखोर, आमचा मानूस मारला!” तोंडावर मारलं. त्यांनी हात आडवा धरला, तर हातावर मारलं. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. खाली पडले, तरी मारत होते. मी ओरडत होते, “त्यांनी नाही! त्यांनी नाही!” एकानं मला ढकलून दिलं. कोणाला ढकललं हे त्यालाही कळलं नसेल.

आता गावात काय बोललं जातंय? हायड्रावाल्यानं खुणेआधीच उचललं. त्याला आत टाका. त्याचा हायड्रा पेटवा.

हो तात्या, तुम्ही आत्ता बसल्या जागेवरून म्हणालात ते ऐकलं मी. गेलेल्या माणसाची चूक काढू नको म्हणताय. सकाळी माझे वडीलही हेच म्हणाले. मग तात्या, जिवंत माणसाच्या अंगावर खोटी चूक घालायची का? तो घोडेगावला दवाखान्यात पडलाय. एका कानानं त्याला ऐकू येत नाही.

आमच्या अभ्यासात एक साधा नियम असतो. यंत्र पुढे जाताना मांडलेलं आणि घडलेलं जुळलं नाही, तर यंत्र थांबवायचं. हा नियम नानांनीच मला पक्का करून दिला होता. त्या दिवशी ते थांबले नाहीत. का थांबले नाहीत? आपण हसलो म्हणून? मला माहीत नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. ते ‘उचल’ म्हणाले, हे मला माहीत आहे. पोलिसांना मी तेच सांगितलंय. गज कोणाकोणाच्या हातात होते, तेही सांगितलंय. ती नावं इथे घेणार नाही. तुम्ही इथेच बसला आहात.

नाना मला प्राणापेक्षा जवळचे होते. पण त्यांच्या नावावर दुसऱ्या माणसाचा जीव नको.

काकी घरी आहेत. सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, “म्हनले असतील. कुनी हसलं की त्यांना दम निघत नव्हता.” आणि मला जवळ ओढून म्हणाल्या, “तू घोडेगावला जा. त्याच्या आईच्या पाया पड. सुतकात कुनाच्या पाया पडत न्हाईत, ठाऊक हाय मला. तरी पड. माझ्या वतीनं पड.”

मी जाणार आहे. गाडीत जागा आहे. ज्यांनी मारलं, त्यांच्यापैकी कोणी येणार असेल तर त्याच्यासाठीही आहे.

आता सगळ्यांनी उभं राहावं. नानांसाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नये. ही शांतता संपली की मी रस्त्याकडे चालायला लागेन. ज्यांना यायचंय, त्यांनी यावं.

नाना, नमस्कार करते.