दोघांनी सरळ केलेलं स्टिअरिंग

मारुंजीला भाड्यानं राहायचो तेव्हाचा आमचा रिमोटवरचा ट्रक सांगितलाय का तुम्हाला? अरे, चाकं सोडली तर सगळा घरी बनवलेला! मी आणि रूममेट संदीप. फक्त स्टिअरिंग उलटं, डावीकडे फिरवलं की पठ्ठ्या उजवीकडे वळायचा.

रविवारी गच्चीवर अख्खी बिल्डिंग बघायला जमली. कडेला घरमालकीण काकूंच्या कुरडया वाळत होत्या. मी ट्रक त्यांच्यापासून लांब वळवला, तर गडी सुसाट कुरडयांतच घुसला!

"असं कसं? मी रिमोटवरचं दिशा उलटवायचं बटण फिरवलं होतं!" संदीप ओरडला.

"अरे, मी चाकांचा दांडा उलटा जोडला होता!"

दोघांनी गुपचूप सरळ केलं, म्हणून पुन्हा उलटं! एकानं आपली दुरुस्ती मागे घ्यायची, असं ठरलं. कुणी, ते मात्र ठरलं नाही.

पुढचा रविवार. तीच गर्दी, नव्या कुरडया. मी रिमोट उचलला तसा संदीप कानात म्हणाला, "बिनधास्त सोड. मी बटण होतं तसं केलंय."

मी गार. दांडा मीही होता तसा केला होता!

आमची तोंडं बघून काकू ताडकन उठल्या, "थांबा रं! आदी माज्या कुरडया उचलू द्या!"