दिव्यांच्या जिराफापाशी फोटो

ओहायोतल्या प्राणिसंग्रहालयात नाताळची रोषणाई होती. दिव्यांच्या जिराफापाशी नाताळच्या कार्डावर छापायच्या कौटुंबिक फोटोसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे एक बाई सोबतच्या तरुणीला लाल स्वेटर देत होती.

“ब्रेना, हा तुझा. माझा डेरेक कुठे राहिला?”

“तो येत नाहीये, मार्लीन. आम्ही वेगळे झालो, गेल्या महिन्यात, थँक्सगिव्हिंगच्या सणालाच.”

“मग मला का म्हणाला, ब्रेनाला घेऊन पुढे जा म्हणून?”

“मला म्हणाला, आईला सगळं माहितीये, तरी तिला तू फोटोत हवी आहेस.”

“मला तर आत्ता कळतंय.”

“मग मी जाते. हा घ्या स्वेटर.”

“त्यावर तुझं नाव विणलंय, दुसऱ्या कुणाला देऊ?”

“पण नाताळच्या कार्डावर मी तुमची कोण म्हणून?”

“तेच कळत नाहीये. आधी घाल, नंबर आला आपला.”