वाळू मोकळी ठेवायची

नाही बाबा, तुम्ही बसा त्या ओंडक्यावर, वाकू नका, कंबर धरेल — मी काढते, ते लोक यायच्या आत होईल. रागावले नाहीये मी. घाई आहे म्हणून आवाज चढलाय. फक्त एवढं सांगा, तुमच्या मनात आलं तरी काय? मागच्या रविवारी आम्ही सगळे इथे पाइनची रोपं उपटत होतो, ढीग केला होता त्या कडेला, तुम्ही माझ्याबरोबर आला होतात, बघत होतात — आणि आज येऊन बघते तर निम्मी रोपं परत वाळूत उभी. ओळीने. आळी करून. वाळूत कोणी आळी करतं का, बाबा? लांबूनच ओळखलं मी, म्हटलं हे काम काही डच माणसाचं नाही, हे आमच्या सासऱ्यांचं.

कळतं हो मला. जिवंत झाड उपटायला हात धजावत नाही, माझाही नव्हता धजावला पहिल्या दिवशी. पण तुम्हाला सांगितलं होतं ना मी, का उपटायची ते — नव्हतं सांगितलं? मला वाटलं सांगितलं. आपल्या घरात कोण कोणाला काय सांगतं हल्ली, अजित लॅपटॉपमध्ये डोकं घालून, ऋषभ तुम्हाला डचमध्ये उत्तर देतो आणि खोलीत निघून जातो. बरं, आता ऐका. हे या डच लोकांचं वाळवंट आहे. एवढंसंच, पण आहे. इथे वारा फिरला पाहिजे, वाळू हलती राहिली पाहिजे, तिच्यात राहणारे किडे आहेत, पक्षी आहेत, त्यांना जंगल चालत नाही. झाडं माजली की वाळू संपली. म्हणून तर हा कोर्स — आसपासच्या गावांतली साधी माणसं घ्यायची, वर्षभर शिकवायची, त्यातल्या काहींना गटप्रमुख करायचं, म्हणजे वाळवंट राखायला गावातलंच कोणीतरी असतं. आणि आज माझी परीक्षा आहे, बाबा. हेंक, आमचा शिकवणारा, तो सगळ्यांना घेऊन येणार, हा तुकडा माझ्याकडे दिलेला, आणि इथे उभं राहून मला डचमध्ये सांगायचंय की वाळू मोकळी का ठेवायची — आणि पाठीमागे तुमची बाग.

पाणीसुद्धा घालत होतात? — वाटलंच. ज्यूसची ती मोठी बाटली रोज कुठे गायब होते ते मी शोधतेय. पुण्यात टेकडीवरच्या झाडांना न्यायचात तसंच ना, तुम्ही आणि आई, रोज सकाळी कॅन भरून? आई गेल्यावर तुम्ही टेकडी सोडलीत, असं अजित म्हणाला होता. आणि या आठवड्यात तुम्ही मागून पोळी घेतलीत, मी आपली खूश, म्हटलं आली बाई आपल्या हाताला चव. — नाही, हसत नाहीये मी. हे बघा, किती खोल पुरलंय तुम्ही, निघता निघत नाही.

तुम्हाला वाटत असेल, एवढं काय त्या वाळूचं. इथे आल्यावर मी कोण होते सांगा? नगरपालिकेत अजितची बायको, शाळेत ऋषभची आई, तोंडातून शब्द फुटायचा नाही माझ्या. इथे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, मालिनी, तुला काय वाटतं, कुठून सुरुवात करू या? मला, बाबा. आणि परवा हेंकने विचारलं, प्रमुख झालीस तर काही वर्षं तरी राहावं लागेल, राहशील? मी बेधडक हो म्हणून बसले, आणि तिकडे जूनमध्ये — काही नाही. हे जरा धरा.

अहो, काही नाही म्हटलं ना. — बरं. अजित सांगणारच होता तुम्हाला. आम्ही परत येतोय पुण्याला. कायमचे. इथून परत गेलात की तुम्ही एकटे तिकडे, जेवता की नाही तेही कळत नाही, ऑफिसात सांगूनही झालंय त्याचं. तुम्ही नको म्हणाल म्हणून तिकिटं काढेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरलं होतं. मीही हो म्हटलंय. मनापासून — हो, मनापासूनच, तुम्ही काय परके आहात का? फक्त इथे आले की वाटतं, माझं म्हणून एवढंच होतं, आणि तुमच्यासाठी तेही — जाऊ दे. असं म्हणायचं नव्हतं मला. मनावर घेऊ नका तुम्ही.

उठलात कशाला? मी करते म्हटलं ना. — तसं नाही, खाली धरा, मुळाजवळ. हां. — हो, सगळीच. एकही ठेवता येत नाही, बाबा. तुम्हाला होत नसेल तर राहू द्या, मी — बरं. काढा.

काय म्हणालात? वारा आहे, ऐकू नाही आलं. — सवय झालीय? एकट्याची? — तुम्ही अजितला सांगणार, येऊ नका म्हणून? आजच?

बाबा, आत्ता मी ‘नका सांगू’ म्हणायला हवं. कळतंय मला. म्हणणार आहे मी, म्हणजे — ते बघा, हेंक आलाच, मागे सगळी मंडळी आहेत. हातातली रोपं त्या ढिगावर टाका आणि निघा तुम्ही, त्या पलीकडच्या पायवाटेने जा, म्हणजे समोरासमोर नको. — संध्याकाळी बोलू ना. आता थांबू नका, बाबा. निघा.