डावीकडून दुसऱ्या खडकातला रहिवासी

नाव: संयोगिता सुभानराव जगदाळे. वय: २२ वर्षे. धंदा: खासगी शाळेत विज्ञान शिकवते. शिक्षण: बी.एस्सी., प्राणिशास्त्र. आमच्या घरातली ही पहिली पदवी आहे, तेवढे लिहाच, असे आई शेजारून सांगते. राहणार: प्रतापनगर, रेल्वे वसाहतीजवळ, बडोदे. तारीख: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार.

समक्ष हजर राहून सांगते की, मला पहिला प्रश्न असा विचारण्यात आला: चोर घरात शिरला कधी? याचे उत्तर मला देता येत नाही. सहा महिन्यांपूर्वी खडकाबरोबर आला असावा. पण मी ते पाहिलेले नाही, आणि न पाहिलेले सांगितल्यामुळेच हा सगळा प्रकार झाला आहे.

जबाब मराठीत देण्याची परवानगी मी मागितली, कारण तो आईला ऐकायचा आहे. या ठाण्याचे जमादार भास्करराव यांना मराठी येते, म्हणून ती मिळाली. गुजराती नक्कल मी स्वतः करून देईन.

माझी आई येसूबाई, वय ४६, ही जुना पादरा रोडवर राहणारे श्री. उन्मेष आगाशे यांच्याकडे नऊ वर्षांपासून स्वयंपाक करते. वेळ सकाळी नऊ ते दुपारी दोन. श्री. आगाशे कोयलीच्या रिफायनरीत नोकरीस आहेत आणि त्यांच्या पत्नी अस्मिताकाकू बँकेत, त्यामुळे घराची एक किल्ली आईकडे असते. हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात खारे पाणी, प्रवाळ, मासे, शंखात राहणारे छोटे खेकडे, गोगलगायी आणि समुद्रातून काढलेले पाच खडक आहेत. टाकी श्री. आगाशे स्वतः साफ करतात. दुसऱ्या कोणी काचेला बोट लावलेले त्यांना चालत नाही.

गेल्या तीन आठवड्यांत टाकीतून एक निळा मासा, चार खेकडे आणि अकरा गोगलगायी नाहीशा झाल्या. शुक्रवारी श्री. आगाशे यांनी या ठाण्यात तक्रार अर्ज दिला. अर्जात आईवरील संशयाची दोन कारणे दिली आहेत. पहिले, किल्ली तिच्याकडे असते. दुसरे, "सदर बाईच्या घरी मासे खातात". दुसरे कारण खरे आहे. आम्ही रविवारी खातो आणि बाजारातून आणतो. निळा मासा दोन बोटांएवढा होता. आईने तेव्हाच विचारले होते, "अहो साहेब, एवढ्याशा जिवाला मी मसाला तरी किती वाटायचा?" हा प्रश्न अर्जात घेतलेला नाही.

टाकी दुपारची वाजते, हे आईने महिन्यापूर्वी अस्मिताकाकूंना सांगितले होते. तेही अर्जात नाही. टक्. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. काकू हसल्या होत्या. "काय येसूबाई, मासे आतून दार वाजवतात का?" त्यानंतर आई त्यांच्याशी त्याबद्दल बोलली नाही. घरी येऊन मला बोलली. मी म्हणाले, पंप असेल. माझ्याकडे पदवी होती.

आज सकाळी दहा वाजता मी आईसह आगाशे यांच्या घरी गेले. श्री. आगाशे दारातच म्हणाले, "अगं, घरातली गोष्ट आहे, बसून मिटवू ने." मी म्हणाले, "काका, अर्ज पोलिसात आहे. आता ती घरातली राहिली नाही." मी टाकीसमोर दोन तास बसू देण्याची विनंती केली.

"दोन तास काय बघणार?"

"दिसेल ते."

मी पडदे ओढले, टाकीचा दिवा बंद केला आणि मोबाइलच्या उजेडावर लाल जिलेटिन कागद लावला. बांबूच्या काडीला घरून आणलेल्या कोळंबीचा तुकडा बांधला. अस्मिताकाकूंनी नाकाला पदर लावला व शेवटपर्यंत काढला नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी डावीकडून दुसऱ्या खडकाच्या भोकातून दोन डोळे वर आले. एक डोळा माझ्याकडे पाहत होता, दुसरा श्री. आगाशे यांच्याकडे. मग बोटभर लांबीचा हिरवा प्राणी अर्धा बाहेर आला. त्याने छातीशी दुमडलेला हात सोडला, तो मला दिसला नाही. फक्त आवाज आला. काडीचे दोन तुकडे झाले.

आई म्हणाली, "बघा वहिनी, वाजवतो की नाही दार?"

कोळंबीच्या लांबच्या नात्यातल्या या प्राण्यास मँटिस श्रिंप म्हणतात. प्रार्थनाकीटकासारखे हात जोडून बसतो म्हणून हे नाव. प्रार्थना करीत नाही. ठोसा मारून शंख फोडतो व आतला जीव खातो. त्याच्या भोकात मी चिमट्याने चाचपून पाहिले. फुटलेल्या शंखांचे तुकडे निघाले ते पुडीत बांधून आणले आहेत. जमादारसाहेबांनी रकाने भरण्यासाठी विचारले म्हणून सांगते: वय माहीत नाही, धंदा फोडाफोडी, पत्ता वर आलाच आहे, पूर्वीचे गुन्हे अकरा गोगलगायी व चार खेकडे. माशाबद्दल माझा संशय आहे, पुरावा नाही, म्हणून तो त्याच्या नावावर घालू नये.

यानंतर श्री. आगाशे सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "चला, झालं ने. मी अर्ज मागे घेतो." आईने हात जोडले. मी विचारले, कारण काय लिहिणार? ते म्हणाले, "लिहितो की येसूबाईंनी वस्तू परत केल्या, आम्ही मोठ्या मनाने माफ केलं. कोळंबीनं आपल्याला फसवलं असं कुठं लिहिणार? सोसायटीत हसतील."

"आणि आईला?"

"तिला कोण हसणार? तिला उद्यापासून यायला सांग."

आईने जोडलेले हात खाली घेतले. नऊ वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

श्री. आगाशे पुढे म्हणाले की, आता त्या भोकात उकळते पाणी ओततो, म्हणजे विषयच संपेल. ते स्वयंपाकघरात गेले. अस्मिताकाकू मागोमाग गेल्या. "अहो, माझ्या दुधाच्या पातेल्यात नको!" असे ऐकू आले. पातेले शोधण्यात त्यांचा वेळ गेला.

विषय संपला असता, तर आईच्या बाजूचा एकमेव साक्षीदार संपला असता. म्हणून मी बाल्कनीतली निळी प्लास्टिकची बादली घेतली, मगाने टाकीतले पाणी भरले आणि नारळाएवढा तो खडक प्राण्यासह उचलून आत ठेवला. आईने बादलीवर ताट झाकले आणि किल्ली टीपॉयवर ठेवली. आम्ही लिफ्टने उतरून रिक्षाने इथे आलो. रिक्षावाल्याने "अंदर शुं छे?" विचारले. आई म्हणाली, "चोर."

बादली जमादारसाहेबांच्या टेबलाखाली आहे. त्यांनी दोनदा विचारले, चावतो का? चावत नाही. मारतो. कृपया बोट घालू नये. दर अर्ध्या तासाने मी पाणी ढवळते. संध्याकाळी पाच वाजता माझ्या कॉलेजचे सर खाऱ्या पाण्याची टाकी घेऊन येणार आहेत. तोपर्यंत पंचनामा व्हावा.

खडक, बादली, मग व ताट मी न विचारता आणले, हे कबूल करते. श्री. आगाशे यांचा त्याबद्दल आत्ताच फोन येऊन गेला आहे. नवा अर्ज घ्यायचा असल्यास त्यात नाव संयोगिता लिहावे. येसूबाई लिहू नये. तिने फक्त ताट धरले होते.

हा जबाब भास्करराव यांनी लिहून मोठ्याने वाचला; या शेवटच्या ओळी माझ्या हातच्या आहेत. मी ऐकला, आईने ऐकला, मी बोलले तसाच तो उतरला आहे. आईच्या मते माशाचा संशयही लिहायला नको होता, पण मी तो ठेवला आहे. या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आईच्या नावाआधी "संशयित" असा शब्द होता. वाचन चालू असताना जमादारसाहेब खाली बादलीकडे पाहत होते, तेव्हा मी तो शब्द पेनाने खोडला आणि बाजूला पूर्ण नावाने सही केली आहे.