उन्हाळी चाकांवरचे हिवाळी टायर

नाव: रेआल गोद्रो. वय: ७१ वर्षे. धंदा: सध्या काही नाही, पूर्वी नगरपालिकेच्या बर्फ काढणाऱ्या गाडीवर चालक. राहणार: चॅपेल रस्ता, सेंत-ओपोर्तून, सागने, क्वेबेक. दिनांक: १९ नोव्हेंबर.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आलो असून अंमलदार मोद बिलोदो मॅडम यांच्यासमोर बसून सांगतो की, काल सकाळी चर्चच्या उतरणीवर झालेल्या अपघाताबाबत मी जागेवर जे सांगितले, त्यातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत. ह्युगेत पारे हिची गाडी जोरात होती, ही एक. मी अनुभवामुळे वेळेवर थांबू शकलो, ही दुसरी. हे दोन्ही खोडून पुढचे लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

मी बर्फाच्या गाडीवर बत्तीस हिवाळे काढले. त्यामुळे गावात माझ्या शब्दाला किंमत आहे. हिवाळी टायर १ डिसेंबरपासून सक्तीचे, असे कायदा सांगतो. पण डिसेंबरपर्यंत थांबणारा खड्ड्यात जातो आणि ऑक्टोबरातच बदलणारा भित्रा ठरतो. मधला दिवस कोणता, हे लोक माझ्या दारात बघून ठरवतात. आमच्याकडे हिवाळी टायर काळ्या लोखंडी चाकांवर बसवलेले असतात आणि उन्हाळी टायर चकचकीत चाकांवर. त्यामुळे टायर कोणी वाकून बघत नाही, चाकाचा रंग बघतात. माझी चाके काळी झाली की दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा क्लेर्मों याच्या गॅरेजपुढे रांग लागते. गावात मला बिशप म्हणतात. मला ते आवडत असे, हेही लिहावे.

या महिन्याच्या सुरुवातीला मी उपाहारगृहात न्याहारीला बसलो असताना क्लेर्मों सगळ्यांसमोर म्हणाला, "काय बिशप, निघाला का मुहूर्त? की अजून देवाचा फोन आला नाही?" मी म्हणालो, "संत कॅथरीनच्या सणाआधी ज्याला टायर बदलायचेत, त्यानं सोबत लंगोटही बदलावा." सगळे हसले. संत कॅथरीनचा सण २५ नोव्हेंबरला असतो. मी एवढे बोलायला नको होते, कारण त्यानंतर माघार घ्यायला जागा राहिली नाही.

त्याच आठवड्यात मी शिकारीच्या छावणीतले सामान आणायला एकटाच गेलो होतो. परत येताना नदीच्या पुलावर दव गोठलेले होते. ते मला दिसले नाही. माझी गाडी स्वतःभोवती पूर्ण एक फेरा फिरली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. पुलावर दुसरे कोणी नव्हते. मी खाली उतरलो आणि कठडा धरून उभा राहिलो. बत्तीस वर्षांत मला असे कधी झाले नव्हते. माझी दृष्टी पूर्वीसारखी राहिलेली नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, डॉक्टरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हिवाळी टायर डिकीत टाकून शहरात गेलो. तिथे मला कोणी ओळखत नाही. एका गॅरेजवाल्याला मी सांगितले, की माझे हिवाळी टायर काळ्या चाकांवरून काढून उन्हाळी, चकचकीत चाकांवर बसवा. तो म्हणाला, "आजोबा, हा उलटा कारभार कशाला? काळी चाकं आहेत ना, चार बोल्ट काढले की झालं." मी म्हणालो, "तुला काय करायचंय? सांगतो तेवढं कर." त्याने तसे केले. घरी आल्यावर मी टायरांवर चिखल फासला. तेव्हापासून कालपर्यंत मी गावात हिवाळी टायरांवर फिरत होतो आणि गाव माझी उन्हाळी चाके बघत होते.

ह्युगेत माझ्या शेजारच्या घरात राहते. तिचा नवरा ओविला याची मूत्रपिंडे निकामी आहेत. त्याला आठवड्यातून तीनदा शहरातल्या इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. त्याला ने-आण करणारी ती एकटीच. मागच्या रविवारी मी मागच्या अंगणात लाकडे रचत असताना ती कुंपणापाशी आली.

ती म्हणाली, "रेआल, क्लेर्मोंनं मला गुरुवारची वेळ दिलीय टायरांसाठी. घेऊ का सोडू? खरं सांग हं, मला ओविलाला घेऊन जायचं असतं."

मी म्हणालो, "गुरुवारी आठ अंश आहे, ऊन पडणार आहे. कशाला उगाच टायर झिजवतेस? सोड ती वेळ."

ती म्हणाली, "नक्की?"

मी म्हणालो, "माझी चाकं दिसतात ना तुला? मग?"

तिने माझ्या गाडीकडे बघितले आणि हसून म्हणाली, "तू आहेस म्हणून बरंय बाबा. नाहीतर मी ऑगस्टमध्येच बदलून बसले असते." तिने ती गुरुवारची वेळ सोडून दिली, हे मला नंतर क्लेर्मोंकडून कळले. "हो, बदल," एवढे दोन शब्द मी बोललो असतो तर क्लेर्मोंने उपाहारगृहात माझी खिल्ली उडवली असती. माझ्या न बोलण्याचे कारण तेवढेच होते. दुसरे काही कारण शोधून मी दमलो.

काल, शुक्रवारी पहाटे ओला बर्फ पडला आणि उजाडेपर्यंत तो रस्त्यावर गोठला. शाळेच्या वेळेला मी पाव आणायला निघालो. माझ्या पुढे ह्युगेतची गाडी होती, शेजारी ओविला बसला होता. चर्चच्या उतरणीच्या तोंडाशी तिने वेग कमी केला. खाली येताना ती इतकी हळू होती की मी तिच्या मागे वैतागलो. तिचे ब्रेकचे दिवे उतरणीच्या वरपासून सतत लागलेले मी पाहिले. चाके फिरत नव्हती, तरी गाडी तशीच खाली सरकत राहिली. खाली फर्नांद ही मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई हातात थांबण्याचा फलक घेऊन रस्त्यात उभी होती. मुले अजून पदपथावर होती. फर्नांदने मुलांकडे वळून हात आडवा केला, तेवढ्यात गाडीने तिला पाडले. तिचा पाय मोडला. ह्युगेतच्या गाडीमागे मी ब्रेक दाबला आणि माझी गाडी जागच्या जागी उभी राहिली.

बिलोदो मॅडम तिथे आल्या तेव्हा त्यांनी मला विचारले, "काका, तुम्ही तर मस्त थांबलात. ही कशी नाही थांबली?" आजूबाजूला गावातली माणसे जमली होती, क्लेर्मोंही होता. माझ्या तोंडून निघाले, "अनुभव लागतो, मॅडम. ही घाईत होती. इस्पितळाची वेळ गाठायची होती ना. जोरात आली." ह्युगेत माझ्यापासून दोन पावलांवर ओविलाचा हात धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मग ती मॅडमना म्हणाली, "असेल. रेआल म्हणतो तर असेल." मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

काल संध्याकाळी ती माझ्या घरी आली. मी तिला बसायला सांगितले, ती बसली नाही. ती म्हणाली, "रात्रभर तेच डोळ्यांसमोर येणार आहे माझ्या. मला वाटलं होतं मी हळू आहे. पण तू त्याच टायरांवर, त्याच उतारावर थांबलास. म्हणजे टायरांचा दोष नाही, माझा आहे. माझं मला कळेनासं झालंय, रेआल. अशा बाईनं गाडी चालवू नये." परवाना ठाण्यात परत देणार आणि ओविलाला शहरातल्या वृद्धाश्रमात इस्पितळाजवळ ठेवणार, असे तिने ठरवले होते. "ओविलाला अजून सांगितलं नाही," ती म्हणाली. "उद्या मला ठाण्यावर सोडशील? मला आता स्टिअरिंगला हात लावायची भीती वाटते." मी हो म्हणालो.

आज सकाळी मी तिला माझ्या गाडीतून इथे आणले. चर्चच्या उतरणीवर मी ब्रेक दाबला, गाडी नीट थांबली. ह्युगेत म्हणाली, "बघ. याला म्हणतात चालवणं." मला स्वतःची शरम वाटली, एवढेच सांगता येते.

बिलोदो मॅडमनी मला समजावले की १ डिसेंबर उजाडलेला नाही, त्यामुळे ह्युगेतच्या उन्हाळी टायरांचा गुन्हा होत नाही आणि माझ्या हिवाळी टायरांचा तर नाहीच. टायरांचा मजकूर घ्यायलाच हवा असे नाही, वेगापुरती दुरुस्ती पुरेल. मी सांगितले की सगळे घ्यावे. त्यावर मॅडम बाहेर गेल्या, माझ्या गाडीपाशी वाकल्या आणि हातमोज्याने टायरावरचा चिखल पुसून बघितला. आत येऊन त्यांनी हातमोजा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या स्वतःच्या गाडीला अजून उन्हाळीच आहेत. आई फोनवर म्हणाली, गोद्रोनं अजून बदलले नाहीत, घाई करू नकोस." मी त्यांना म्हणालो, आज दुपारीच बदलून घ्या.

ह्युगेत बाहेरच्या बाकावर परवाना हातात घेऊन बसली आहे. तिला हे समोरासमोर सांगण्याची हिंमत मला झाली नाही. म्हणून जबाब वाचून दाखवताना खोलीचे दार उघडे ठेवावे आणि मोठ्याने वाचावे, अशी मी विनंती केली. ती मान्य झाली.

वाचून झाल्यावरचे पुढील चार शब्द माझ्या सांगण्यावरून जोडले आहेत. वाचन चालू असताना ह्युगेत दारात येऊन उभी राहिली. तिने परवाना पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे तिने पाहिले नाही. ती मॅडमना म्हणाली, "मी हळू होते, ते वाक्य परत एकदा वाचा." मॅडमनी ते वाक्य पुन्हा वाचले.

असा हा जबाब माझ्या कानांवर एकदा पूर्ण पडला आणि ते वाक्य दोनदा पडले. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ते वाक्य दोन्ही वेळा बरोबर आहे.

सही: रेआल गोद्रो